ब्लोअरची सर्व्हिस कंपनी, पावसानंतर फोनचा नुसता पूर. व्हॉइस बॉट घ्यावा की माणसं वाढवावीत?

कुपवाडकर

नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत आमचं द्राक्षबागेच्या ब्लोअरचं (ट्रॅक्टरमागं लावायचं औषध फवारायचं मशीन) आणि एचटीपी म्हणजे जास्त प्रेशरच्या फवारणी पंपांचं काम आहे, बनवतो पण आणि सर्व्हिस पण देतो. गिऱ्हाईक बहुतेक मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस, जत ह्या पट्ट्यातलं. वर्षातला बराच काळ फोन निवांत असतो पण ऑक्टोबर छाटणी झाली की खरी परीक्षा, पोंगा (कोंब फुटायचा टाइम) ते फुलोरा ह्या टायमाला रात्री पाऊस पडला की पहाटे पाचपासून फोन सुरू, कारण डाऊनीची (द्राक्षावरचा बुरशीचा रोग) फवारणी त्याच सकाळी बसली पायजे आणि नेमका त्याच दिवशी कुणाचा डायफ्राम (पंपातला रबरी पडदा) फाटलेला, कुणाचं प्रेशर येत नाही, कुणाला वॉल्व्ह किट पायजे. अशा सकाळी तासाला शंभराच्या आसपास फोन येतात. फोनवर सहा जण बसतात. लाइन बिझी लागली की लोक मेकॅनिकच्या पर्सनल मोबाइलवर करतात, तो बिचारा कुणाच्या तरी बागेत ब्लोअरखाली झोपलेला असतो.

आता एक सॉफ्टवेअरवाले येऊन गेले. एआय व्हॉइस बॉट (माणसाऐवजी फोनवर बोलणारं मशीन), फोन-मेसेज सगळे चॅनेल एका स्क्रीनवर म्हणजे डॅशबोर्डवर, सगळं मराठीत म्हणतात. डेमो छान वाटला. पण आमचा शेतकरी मशीनशी बोलंल का हा प्रश्न आहे, आणि पैसे पण कमी नाहीत. कॉल सेंटरमध्ये काम केलेले, असलं काही बसवलेले कोण असतील तर मनापासून सांगा. गिऱ्हाइकाला खरंच बरं वाटलं पायजे, नुसता डॅशबोर्ड नको.

मणेराजुरीचा_बागायतदार

दादा मी तुमच्याच टाइपच्या कंपनीचं गिऱ्हाईक आहे, नाव घेत नाही. मला काय पायजे ते सांगतो. फोन लागायला पाच मिनिटं गेली तरी मी थांबतो, पावसाच्या दिवशी गर्दी असणारच हे आम्हाला कळतं की ओ. पण मी सकाळी साडेपाचला एका पोराला सगळं सांगितलं, मॉडेल सांगितलं, ऑइल पांढरं झालंय (म्हणजे डायफ्राम फाटून त्यात पाणी शिरलंय) सांगितलं, गावाचं नाव सांगितलं, तो म्हणाला माणूस पाठवतो. सात वाजले तरी कोण नाही म्हणून परत फोन केला तर दुसरीच बाई, तिला कायच माहीत नाही, परत पहिल्यापासून सगळं. मग तिसऱ्यांदा फोन केला तर तिसरा. तिन्ही वेळा मॉडेल नंबर वाचायला ब्लोअरच्या मागं जाऊन चिखलात वाकायचं. तोवर ऊन चढलं, औषध बॅरलमध्ये कालवून पडलेलं. बागेत एक दिवस चुकला की डाऊनी घडात शिरते, मग वर्ष गेलं. आम्हाला गोड बोलणारं माणूस नको, आमचं बोलणं लिहून ठेवणारं पायजे.

कराडची_एजंट

वरच्या दादांनी लिहिलंय ते मी फोनच्या दुसऱ्या बाजूनं रोज ऐकते. मी कराडला घरून काम करते, कंपनी पुण्याची आहे, कस्टमर सपोर्ट. (नोव्हेंबर २०२० मध्ये दूरसंचार खात्यानं कॉल सेंटरचे नियम सैल केले, त्याआधी घरून एजंटनं काम करायचं म्हणजे परवानगी, डिपॉझिट, लय कटकटी होत्या. आमच्यासारख्या गावाकडच्या पोरींना त्याचा खरा फायदा झाला.)

एजंटला शिव्या बसतात त्या बहुतेक वेळा प्रॉब्लेमबद्दल नसतात, तेच तेच परत सांगायला लागतं त्याबद्दल असतात. आणि आम्हाला पण लाज वाटते, कारण समोर स्क्रीनवर काही नसतंच. चांगली सिस्टिम असली की फोन वाजतानाच नंबरावरून नाव, गाव, कुठलं मशीन, मागचा फोन कधी, काय बोलणं झालं हे समोर येतं. मग मी "हां काका, सकाळी डायफ्रामचं बोलणं झालं होतं ना, गाडी निघाली का बघते" असं बोलू शकते. एवढ्या एका वाक्यानं माणूस निम्मा शांत होतो, हे मी किती वेळा बघितलंय.

दुसरी गोष्ट, कृपा करून एजंटचं मोजमाप नुसतं कॉल किती मिनिटांत संपवला ह्यावर करू नका. सरासरी टाइम कमी करा म्हणून मागं लागलं की पोरं काय करतात, अर्धवट ऐकून "माणूस पाठवतो" म्हणून फोन ठेवतात. तो फोन दोन तासांनी परत येतोच. रिपोर्टमध्ये दोन छोटे कॉल दिसतात आणि मॅनेजर खूश. पहिल्या फोनात काम झालं का हे मोजा.

रांगेचं_गणित

ताईंचा मुद्दा आकड्यात मांडतो, कारण माणसं वाढवायची का नाही हा मूळ प्रश्न आहे आणि त्याचं गणित शंभर वर्षांपूर्वीच झालेलं आहे. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत ए. के. एरलांग नावाचे गणिती होते, १९०९ मध्ये त्यांनी टेलिफोन कॉलच्या संभाव्यतेवर पहिला लेख लिहिला आणि १९१७ मध्ये वेटिंगची सूत्रं मांडली. आजची बरीच कॉल सेंटर सॉफ्टवेअरं माणसं किती लागतील हे काढायला आतून त्यांचंच सूत्र वापरतात.

तुमचा आकडा घेऊ. तासाला १०० फोन, एक फोन सरासरी ३ मिनिटं धरू. म्हणजे ३०० मिनिटांचं बोलणं, बरोबर ५ माणसांचं तासभराचं काम. साधा हिशोब म्हणतो पाच माणसं पुरतील. पण फोन ठरवून येत नाहीत, कधी दहा एकदम, कधी दोन मिनिटं एक पण नाही, त्यामुळं पाच माणसांवर रांग वाढतच जाते, कधी संपत नाही. सहा ठेवली तर सरासरी वेटिंग पावणेदोन मिनिटांच्या आसपास. सात ठेवली तर अर्धा मिनिट. आठ ठेवली तर १० सेकंद. बघा, एकेका माणसानं किती फरक पडतो, आणि आठच्या पुढं नववं माणूस ठेवून जवळपास काहीच मिळत नाही.

आता खरी गंमत पुढं आहे. माणसं सहाच ठेवा, पण १०० पैकी २० फोन हे "मगाशी केला होता त्याचं काय झालं" टाइपचे असतील आणि ते बंद झाले तर? तासाला ८० फोन, तीच सहा माणसं, वेटिंग येतं २५ सेकंदांवर. पावणेदोन मिनिटांवरून २५ सेकंद, एक पण माणूस न वाढवता आणि एक पण बॉट न घेता. म्हणून बागायतदार दादांनी जे सांगितलं ती नुसती तक्रार नाही, तुमची बरीचशी रांग तिथंच तयार होते.

ह्यात एक अट आहे. हे सूत्र धरून चालतं की रांगेतला कोणी फोन कापत नाही आणि फोन एकमेकांवर अवलंबून नाहीत. तुमच्याकडं पाऊस सगळ्यांच्या बागेत एकदम पडतो, कंटाळलेला माणूस कापून परत लावतो, तेव्हा प्रत्यक्षात वेटिंग ह्याहून जास्तच असणार. पण कुठं हात घालायचा ते ह्यावरून नक्की कळतं.

कुपवाडकर

हे वाचून खरंच डोक्यात लख्ख पडलं. मागच्या सीझनचं फोनचं रजिस्टर काढलं, एका पावसाच्या सकाळची पानं बघितली. नंबरांना पेन्सिलनं खुणा केल्या तर तेच नंबर परत परत येतायत. काही लोकांचे तीन तीन फोन आहेत दहा वाजेपर्यंत. म्हणजे परत येणारे फोन बंद करायचे, हे पक्कं. पण कसं? आमच्याकडं रजिस्टर आहे, ते पण सहा जणांची सहा.

ओपनसोर्स_मिरज

सहा रजिस्टरं हाच आजार आहे. उपाय फार महाग नाही. मी असली सेटअप छोट्या हॉस्पिटलना आणि डीलरना करून देतो, तुम्हाला विकत नाहीये, फक्त काय मागायचं ते सांगतो.

पहिलं म्हणजे एकच नंबर. क्लाउड टेलिफोनीचा व्हर्च्युअल नंबर घ्या, फोन त्यावर येणार आणि तुमच्या सहा जणांच्या साध्या मोबाइलवरच वाजणार, नवीन मशीन काही लागत नाही. टोल फ्री १८०० घेतला तर फोनचा खर्च तुमच्यावर, आता सगळ्यांकडं अनलिमिटेड कॉलिंग असतं त्यामुळं माझ्या मते साधा दहा आकडी नंबर पुरे, तो लोकांच्या लक्षात पण राहतो. मेकॅनिकचे पर्सनल नंबर बिलावरून, स्टिकरवरून काढा, आणि त्यांनी गिऱ्हाइकाला फोन केला तरी तो त्याच एका नंबरावरून जाईल अशी सोय मागा, असते बहुतेकांकडं.

दुसरं, ज्यानं सकाळी फोन घेतला त्याच्याकडंच त्या गिऱ्हाइकाचा पुढचा फोन जाणं. ही सेटिंग बहुतेक सगळ्या सिस्टिममध्ये असते, लोक चालूच करत नाहीत. तो माणूस बिझी असला तर दुसऱ्याकडं जाईल, पण नोंद समोर दिसंल.

तिसरं, कॉलबॅक. रांगेत दोन मिनिटांपेक्षा जास्त झालं की "१ दाबा, तुमचा नंबर आपोआप घेतलाय, तुमचा नंबर आला की आम्हीच फोन करतो" असं. आपल्या लोकांना मिस्ड कॉलची सवय आधीपासूनच आहे, फोन ठेवून ते बागेतलं दुसरं काम करतील. फक्त कॉलबॅक गेलाच पायजे, नाहीतर विश्वास उडाला की परत बसत नाही.

आणि मॉडेल नंबर वाचायला चिखलात वाकायचं जे दादांनी लिहिलं त्यासाठी. ब्लोअरवर ट्रॅक्टरकडनं दिसंल अशा जागी क्यूआर स्टिकर लावा, प्रत्येक मशीनचा वेगळा. स्कॅन केलं की व्हॉट्सॲप उघडतं आणि मशीनचा सीरियल नंबर मेसेजमध्ये आधीच टाइप झालेला असतो, शेतकऱ्यानं फक्त पाठवायचं, जमलं तर एक फोटो टाकायचा. ही साधी लिंक असते, ती बनवायला कुणाला पैसे द्यायची गरज नाही. ऑइलचा फोटो आला की तुमचा माणूस बघूनच सांगंल डायफ्राम गेलाय का नाही.

ज्यांना आणखी स्वस्तात स्वतःचं उभं करायचंय त्यांच्यासाठी ॲस्टरिस्क नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मार्क स्पेन्सरनं १९९९ मध्ये बनवायला घेतलं, कारण त्याच्या छोट्या कंपनीला तेव्हाचं फोन एक्स्चेंज परवडत नव्हतं. पण कुपवाडकर, तुम्ही ह्या भानगडीत पडू नका, ते सांभाळायला माणूस लागतो.

विश्रामबाग_आयटी

बॉटची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. बॉट सरसकट वाईट नाही. रात्री दोनला पाऊस थांबला आणि शेतकऱ्याला तेव्हाच कळलं की ब्लोअर चालत नाही, तर तुमचं ऑफिस बंद असतं. बॉटनं तेव्हा नाव गाव मशीन प्रॉब्लेम लिहून घेतला तर पहाटे पाचला तुमच्याकडं तयार यादी असंल, गाडी कुठून सुरू करायची ते ठरवता येईल. भारतीय भाषांवर आता बरंच काम झालंय, सरकारचं भाषिणी २०२२ पासून चालू आहे, खाजगी कंपन्या पण आहेत. चार वर्षांपूर्वीचा अनुभव धरून नाही म्हणू नका.

मणेराजुरीचा_बागायतदार

रात्री लिहून घेतंय तर घेऊ द्या, माझी ना नाही. पण मी एकदा एका कंपनीच्या मशीनशी बोललोय. मी म्हटलं "पंप पानी धरंना झालाय", ते म्हणतंय "क्षमस्व, आपण पाणीपुरवठ्याबद्दल विचारत आहात का". दीडशे लिटरची टाकी म्हटलं, कळलं नाही. आणि माणसाकडं द्या म्हटलं तर देईना, परत मेनू पहिल्यापासून.

कराडची_एजंट

दीड, अडीच, पावणेदोनशे, सव्वातीन ह्यावर बॉट अजून पण अडखळतात, आमच्याकडं रोज बघते. आणि मागं ट्रॅक्टर चालू असला की संपलंच. कुपवाडकर, डेमो घ्यायचा तर त्यांच्या ऑफिसात बसून घेऊ नका. तुमच्या चार गिऱ्हाइकांना बागेतून, ट्रॅक्टर चालू ठेवून, त्यांच्या बोलीत बोलायला सांगा. तिथं चाललं तर घ्या. आणि कुठल्याही क्षणी "माणूस द्या" म्हटलं की माणसाकडं गेलंच पायजे, आणि बॉटशी झालेलं बोलणं त्या माणसाच्या स्क्रीनवर गेलं पायजे. हे दोन नसतील तर तो बॉट म्हणजे आणखी एक सातवं रजिस्टर.

विश्रामबाग_आयटी

ह्या दोन अटी मला मान्य आहेत. करारात लिहूनच घ्या.

साताऱ्याची_फ्रंट_डेस्क

मी साताऱ्यात एका हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंट डेस्कवर आहे, धंदा वेगळा पण फोन तेच. आमच्याकडं निम्मे फोन "डॉक्टर आले का", "किती नंबर चालू आहे" ह्यासाठी यायचे. आम्ही पेशंटला आपणहून मेसेज पाठवायला लागलो, डॉक्टरांना अर्धा तास उशीर आहे, तुमच्या आधी इतके जण आहेत, की ते फोन खूप खाली आले. लोकांना फोन करायची हौस नसते, माहिती मिळाली नाही म्हणून करतात.

तुमच्याकडं पण तसंच करा ना. मेकॅनिकची गाडी निघाली की मेसेज, कोण येतोय त्याचं नाव, साधारण किती वाजता. उशीर होणार असला तर आधीच सांगा. अमुक गावात पार्ट असलेला डीलर उघडा आहे तर ते सांगा, जवळचा माणूस स्वतः जाऊन घेऊन येईल. आणि पावसाच्या सकाळी फोन उचलल्या उचलल्या रेकॉर्डेड आवाजात एवढंच, की ऑइल पांढरं झालं असंल तर मशीन लगेच बंद करा. हे ऐकून कुणाचं तरी पंपाचं मोठं नुकसान वाचंल, माणूस फोनवर येईपर्यंत थांबायची गरज नाही.

रांगेचं_गणित

एकदम बरोबर. आणि किसान कॉल सेंटरकडं पण बघा, १८००-१८०-१५५१, २१ जानेवारी २००४ ला सुरू झालं, सकाळी ६ ते रात्री १०, मराठीत बोलता येतं. तिथं फोनवर शेतीचं शिक्षण घेतलेली माणसं बसवलीत, आणि त्यांना उत्तर येत नसलं की वरच्या तज्ज्ञाकडं फोन जातो. तुमच्याकडं पण असे दोन थर करा. सहा जण सगळे फोन घेतील, त्यांच्या वर एक-दोन जुने मेकॅनिक फक्त अवघड फोन घेतील.

कुपवाडकर

आमचे एक जुने मिस्त्री आहेत, गुडघे गेलेत म्हणून फिल्डवर जात नाहीत, आवाजावरून सांगतात पंपात काय बिघडलंय. त्यांना गोडाऊनला बसवलंय. त्यांनाच ह्या दुसऱ्या थरात घेतो, लगेच.

बाकी ठरवलंय असं. एक नंबर, एकच नोंद, ज्यानं घेतला त्याच्याकडंच परत फोन, कॉलबॅक, क्यूआर स्टिकर नवीन मशीनवर फॅक्टरीतच आणि जुन्या मशीनवर मेकॅनिक गेला की लावायचा. गाडी निघाल्याचा मेसेज. बॉट फक्त रात्री ९ ते पहाटे ५, तो पण बागेतल्या चाचणीत पास झाला तर, नाहीतर रात्री व्हॉट्सॲपवरच नोंद. कॉल रेकॉर्डिंग ठेवायचं म्हणतोय, नवीन पोरांना शिकवायला, त्यात कायद्याचं काय बघावं लागतं?

ग्राहक_पंचायतवाला

रेकॉर्डिंग करताय हे फोनच्या सुरुवातीलाच सांगा, आणि कशासाठी ते पण. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचा गाभा हाच की माणसाची माहिती कशासाठी घेतली ते त्याला कळलं पायजे आणि त्याच कामाला वापरली पायजे. शिकवायला घेतलेलं रेकॉर्डिंग औषध कंपनीच्या डीलरला देऊ नका. नंबरांची यादी पण नाही, सीझनमध्ये ती मागायला लोक येतात.

पार्ट ऑनलाइन विकत असाल तर २०२० चे ई-कॉमर्स नियम लागतात, तक्रार अधिकाऱ्याचं नाव नंबर साइटवर पायजे, तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एक महिन्यात. तुमच्याकडं दाद मिळाली नाही तर शेतकरी १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करू शकतो, ही माहिती स्वतःच बिलावर छापा. छापणारी कंपनी लोकांना खरी वाटते, हा माझा अनुभव आहे.

आणखी एक, ऑफरचे फोन आणि सर्व्हिसचे फोन एकाच नंबरावरून करू नका. प्रमोशनच्या कॉलला १४० ची सिरीज ठरवून दिलीय ती ह्याच साठी. एकदा का तुमच्या नंबरावरून नको ती ऑफर गेली की लोक ब्लॉक करतात, आणि मग पावसाच्या सकाळी तुमचा कॉलबॅक त्यांना लागतच नाही.

कराडची_एजंट

अजून एक राहिलं, आणि ते सॉफ्टवेअरमध्ये मिळत नाही. फोनवरच्या माणसाला ठरवायची परवानगी द्या. वॉरंटी संपून आठवडा झालाय, डायफ्राम किट पाठवायचं का, हे विचारायला एजंट साहेबांना फोन करतो, साहेब मिटिंगमध्ये, गिऱ्हाईक होल्डवर. सीझनपुरती एक रक्कम ठरवून टाका, तेवढ्यापर्यंत फोन घेणाऱ्यानं स्वतःच हो म्हणायचं, कुणाला विचारायचं नाही. आमच्या एका प्रोसेसमध्ये (एका क्लायंट कंपनीच्या कामात) हे सुरू झालं तेव्हा होल्डवरचा वेळ तर कमी झालाच, पण पोरी नोकरी सोडायच्या थांबल्या. रोज शंभर माणसांना "मी काही करू शकत नाही" म्हणायला लागलं की माणूस आतून खचतो ओ.

कुपवाडकर

मान्य ताई, रक्कम आजच भावाशी बोलून ठरवतो. आता फक्त तो सुरुवातीचा रेकॉर्डेड मेसेज कसा असावा ते कोणतरी लिहून द्या, आम्ही लिहिला की सरकारी नोटीस वाटते.

साताऱ्याची_फ्रंट_डेस्क

असा करून बघा: "नमस्कार. ऑइल पांढरं झालं असेल तर मशीन आत्ताच बंद करा. फोन नोंद ठेवायला आणि आमच्या माणसांना शिकवायला रेकॉर्ड होतोय. आधी फोन केला असेल तर परत सगळं सांगायची गरज नाही, तुमची नोंद आमच्यासमोर आहे. थांबायला वेळ नसेल तर १ दाबा, आम्ही फोन करतो." एवढंच. मागं गाणं लावू नका, आणि आवाज तुमच्यातल्याच कुणाचा तरी, इकडच्या बोलण्याचा असू द्या.

मणेराजुरीचा_बागायतदार

पण "तुमची नोंद आमच्यासमोर आहे" हे नोंद खरंच समोर दिसायला लागल्यावरच टाका दादा. तोवर पहिली ओळ तेवढी ठेवा. आणि बागेतल्या चाचणीला माणूस पायजे असंल तर मला मेसेज करा, माझा ट्रॅक्टर लय आवाज करतो.